घरच्या शाळेतलं विज्ञान आणि आठ कलांचा फरक



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी जन्मभर गणित आणि विज्ञान शिकवलं. म्हणून आज शिकवण्याविषयीच बोलावं असं मी ठरवलं. विषय मात्र लांबच्या मुलखातला आहे. अमेरिकेत लाखो मुलं शाळेत न जाता घरीच शिकतात. १९९९ साली तिथल्या केंद्र सरकारच्या पाहणीत ही संख्या साडेआठ लाखांच्या आसपास होती. २०१२पर्यंत ती दुपटीच्या वर गेली. २०२०च्या करोनाकाळात जनगणना विभागाने विचारणा केली, तेव्हा शाळकरी मुलं असलेल्या दर शंभर घरांपैकी अकरा घरांनी ‘आम्ही मुलांना घरी शिकवतो’ असं सांगितलं. सगळ्यांची कारणं एक नाहीत. कुणाला शाळेतल्या वातावरणाची धास्ती वाटते, कुणाचं मूल आजारी असतं. पण या चळवळीला संघटना मिळाल्या, पाठ्यपुस्तकं मिळाली, कोर्टात लढायला माणसं मिळाली, ती फार मोठ्या प्रमाणावर ख्रिस्ती कुटुंबांमुळे. या घरांत विज्ञान आणि गणित कसं शिकवलं जातं आणि कसं शिकवलं जावं, एवढ्यापुरतंच मी बोलणार आहे.

आपल्याकडे याकडे दोन तऱ्हांनी पाहिलं जातं. काही जण म्हणतात, बायबल उघडून विज्ञान शिकवणारी माणसं मागासलेली. काही जण म्हणतात, ज्याची मुलं त्याने हवं ते शिकवावं, आपल्याला काय त्याचं? मला दोन्ही मान्य नाही. श्रद्धा हे विज्ञान शिकण्याचं कारण होऊ शकते, आणि फार मोठं कारण होऊ शकते. पण विज्ञानातल्या प्रश्नाचं आधीच ठरलेलं उत्तर म्हणून ती पुढे आली, की मुलाचं शिकणं तिथेच थांबतं. हा भेद कुणा नास्तिकाने बाहेरून लादलेला नाही. ख्रिस्ती परंपरेतल्याच माणसांनी तो ओळखला, पाळला, आणि काहींनी तो न पाळल्याची किंमतही मोजली.

किंमत मोजलेल्या एका घराची गोष्ट आधी सांगतो. हे घर एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमधलं. फिलिप हेन्री गॉस हे त्या काळातले अव्वल दर्जाचे निसर्गअभ्यासक. समुद्रकाठच्या खडकांमधल्या डबक्यांत जे जीव राहतात, त्यांच्याविषयी त्यांच्याइतकं बारकाईने पाहून लिहिणारा माणूस विरळा. काचेच्या टाकीत समुद्राचं पाणी, वनस्पती आणि प्राणी एकत्र जगवायचे आणि घरबसल्या पाहायचे, ही मत्स्यालयाची कल्पना लोकप्रिय केली ती त्यांच्याच पुस्तकांनी. १८५६ साली ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. त्याच वेळी ते ‘प्लिमथ ब्रदरन’ या अत्यंत कडव्या पंथाचे निष्ठावंत अनुयायी होते. त्यांचा मुलगा एडमंड, जन्म १८४९. आई-वडिलांनी त्याला घरीच वाढवलं, घरीच शिकवलं. घरात गोष्टीच्या पुस्तकांना बंदी होती, कारण कल्पित गोष्ट म्हणजे असत्य, अशी आईची धारणा होती. १८५७ साली आई कर्करोगाने गेली आणि बापलेक डेव्हनच्या किनाऱ्यावर सेंट मेरीचर्च इथे राहायला गेले.

आता ते शिक्षण कसं होतं पाहा. ओहोटीच्या वेळी वडील छातीइतक्या पाण्यात उतरायचे, खडकाच्या कपारी चाचपायचे, आणि पोरगं डबक्याच्या काठाशी ओणवं होऊन तासन्‌तास बघत राहायचं. घरी आल्यावर सूक्ष्मदर्शक. वडील प्राण्यांची चित्रं काढायचे, रंगवायचे, वर्णनं लिहायचे. मुलगाही त्यांच्या शेजारी बसून तसेच कागद तयार करायचा. १८५९च्या जून महिन्यात या दहा वर्षांच्याही न झालेल्या मुलाला खडकावर जे समुद्रफूल दिसलं, ते ब्रिटनच्या प्राणिसूचीत नवं निघालं. एवढं कसदार निसर्गशिक्षण त्या काळातल्या कुठल्या शाळेत मिळालं असतं? मला तरी कुठलीही शाळा दिसत नाही. घरी शिकण्याची ताकद काय असते हे पाहायचं तर इथे पाहावं.

याच घरात १८५७ साली वडिलांनी ‘ऑम्फॅलॉस’ हे पुस्तक लिहिलं. नावाचा अर्थ नाभी. भूगर्भशास्त्रज्ञ सांगत होते की खडकांचे थर लक्षावधी वर्षांचे आहेत. बायबलातलं उत्पत्तीचं पुस्तक तर सहा दिवस सांगतं. गॉस यांना दोन्ही सोडायचं नव्हतं. त्यांनी तोड काढली ती अशी: देवाने आदामाला निर्माण केलं तेव्हा त्याला आई नसूनही नाभी होती, झाडं निर्माण केली तेव्हा त्यांच्या खोडांत वर्षावर्षाची वलयं होती, तसंच पृथ्वी निर्माण केली ती जीवाश्मांसकट, न घडलेल्या भूतकाळाच्या खुणांसकट. तर्काने हे खोडता येत नाही. पण खोडता येत नाही हेच त्याचं वैगुण्य आहे. उद्या जमिनीत काहीही सापडलं तरी हा सिद्धान्त म्हणणार, तेही तसंच निर्माण केलं असेल. त्या पुस्तकाला ना शास्त्रज्ञांनी स्वीकारलं, ना धार्मिकांनी. चार्ल्स किंग्जली हे चर्चचे धर्मगुरू, नामवंत लेखक, गॉस यांचे स्नेही. त्यांनीच कळवलं की हे मला मान्य होत नाही. देवाने दगडांवर एवढं मोठं असत्य लिहून ठेवलं असेल असं मी मानू शकत नाही. आक्षेप घेणारा माणूस श्रद्धावान होता आणि आक्षेपही श्रद्धेतूनच आला होता, याकडे मी तुमचं लक्ष वेधतो.

त्या मुलाचं पुढे काय झालं? एडमंड गॉस मोठेपणी साहित्यसमीक्षक झाले आणि १९०७ साली त्यांनी ‘फादर अँड सन’ हे आत्मकथन लिहिलं. त्यात लंडनमधल्या, सहाएक वर्षांच्या वयातला एक प्रसंग आहे. वडिलांनी सांगितलं होतं की लाकडाला, दगडाला देव मानून पुजलं तर ईश्वराचा कोप होतो. मुलाने एके दिवशी घरात कुणी नसताना एक लहानशी खुर्ची खटपट करून टेबलावर चढवली, खाली गुडघे टेकले आणि त्या खुर्चीची प्रार्थना केली. मग वाट पाहत बसला. काहीच झालं नाही. त्याने देवाला सोडलं नाही. देवाच्या मनातलं वडिलांना नेमकं कळतं, या गोष्टीवरचा त्याचा भरवसा मात्र ढळला. श्रोतेहो, हा प्रयोग आहे. त्यात भाकीत आहे, कृती आहे, निरीक्षण आहे आणि निष्कर्षही बेताचा आहे. तो त्याला कुणी शिकवलेला नव्हता. समुद्रकाठी पाहा, तपास, खात्री कर असं सांगणाऱ्या घरात मूल तीच सवय दिवाणखान्यातही घेऊन येणार. ती सवय दाराशी अडवायची ठरवली तर बापलेकांत दुरावा येतो. त्या घरात तो आला, आणि कायमचा आला.

आता अमेरिकेत येऊ. १९२५ साली टेनेसीमधल्या डेटन गावी जॉन स्कोप्स या शिक्षकाला उत्क्रांती शिकवल्याबद्दल शंभर डॉलर दंड झाला. तो निकाल पुढे तांत्रिक कारणावरून रद्द झाला, पण पाठ्यपुस्तकांच्या प्रकाशकांनी धसका घेतला आणि उत्क्रांतीचा उल्लेख बरीच वर्षं पुसट ठेवला. १९५७ साली रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला आणि अमेरिकेला खडबडून जाग आली. सरकारी पैशातून जीवशास्त्राची नवी पुस्तकं लिहिली गेली, त्यांत उत्क्रांती ठळकपणे आली. १९६१ साली व्हिटकॉम्ब आणि मॉरिस यांचं ‘द जेनेसिस फ्लड’ निघालं, त्यातून पृथ्वी काही हजार वर्षांचीच आहे असं मानणाऱ्या पक्षाला नवा जोर आला. १९६२ आणि १९६३च्या निकालांनी सरकारी शाळांतली प्रार्थना आणि बायबलवाचन थांबलं. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सरकारी शाळेत उत्क्रांतीसोबत सृष्टिवादही शिकवलाच पाहिजे असा कायदा करता येणार नाही. ज्यांना हे पटलं नाही त्यांच्यातल्या अनेकांनी मुलंच शाळेतून काढली.

गमतीची नव्हे, विचार करण्याजोगी गोष्ट अशी की घरी शिकवण्याचा पहिला मोठा पुरस्कर्ता धार्मिक नव्हता. जॉन होल्ट हे शिक्षक होते. शाळेत मुलं घाबरून उत्तरं देतात, समजून देत नाहीत, हे त्यांनी १९६४ साली लिहिलं आणि १९७७पासून घरी शिकवणाऱ्यांसाठी नियतकालिक चालवलं. रेमंड आणि डोरोथी मूर हे ॲडव्हेंटिस्ट दांपत्य दुसऱ्या वाटेने तिथेच पोचलं: मुलांना लवकर शाळेत कोंबू नका. ख्रिस्ती कुटुंबांच्या बाजूने कोर्टात उभी राहणारी वकिलांची संघटना १९८३ साली निघाली. तोवर अनेक राज्यांत प्रमाणपत्रधारक शिक्षकाशिवाय घरी शिकवणं गुन्हा होता. १९९३ साली मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने धर्मस्वातंत्र्याच्या आधारावर एका कुटुंबाला त्या अटीतून मोकळं केलं. त्या सुमारास घरचं शिक्षण पन्नासही राज्यांत कायदेशीर झालेलं होतं.

इथे मला आपल्या पंडिता रमाबाईंची आठवण येते, आणि ती ओढूनताणून आणलेली नाही. रमाबाई घरच्यांकडेच शिकल्या. तीर्थयात्रेच्या भटकंतीत त्यांच्या आईने, लक्ष्मीबाईंनी, त्यांना संस्कृत शिकवलं. त्या पुढे ख्रिस्ती झाल्या, १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत राहिल्या, तिथली बालशिक्षणाची पद्धत शिकल्या आणि त्या देशावर मराठीत पुस्तक लिहिलं. बाप्तिस्मा घेतल्यावरही, अमुक मत चर्च सांगतं म्हणून निमूट मान, हे त्यांनी कधी पत्करलं नाही. त्यांना धर्मात आणणाऱ्या इंग्लंडमधल्या भगिनींशी त्यांनी पत्रांतून वाद घातला. श्रद्धा आणि चौकशी एका माणसात कशी नांदते, हे पाहायला मराठी माणसाला फार लांब जायला नको.

घरच्या विज्ञानाच्या पुस्तकांकडे वळतो. सगळ्यांत गाजलेली मालिका जे वाइल यांची. ते अणुरसायनशास्त्रात पीएच.डी. झालेले. त्यांच्या मालिकेच्या नावातच सृष्टीचा शोध घेण्याची भाषा आहे. ही पुस्तकं शिक्षकाशी न बोलता थेट विद्यार्थ्याशी बोलतात, कारण बहुतेक आयांचं रसायनशास्त्र कधीच मागे पडलेलं असतं. प्रयोग स्वयंपाकघरातल्या सामानावर होतील असे असतात. त्यांच्याच लहान मुलांसाठीच्या दुसऱ्या मालिकेत पहिल्या वर्षाची मांडणी सृष्टीच्या सहा दिवसांप्रमाणे आहे, म्हणून प्रकाश आधी येतो. पुढची वर्षं विज्ञानाच्या इतिहासाच्या क्रमाने जातात. ही कल्पना मला मनापासून आवडते. आर्किमिडीज आधी, न्यूटन नंतर. माणसाला जे जसं उमगत गेलं तसं मुलालाही उमगत जातं. आपल्या पाठ्यपुस्तकांनी यातून खुशाल उचलावं.

अडचण येते ती पृथ्वीच्या वयाशी. आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० साली बायबलातल्या वंशावळ्यांची गणती करून सृष्टीचा आरंभ ख्रिस्तपूर्व ४००४ साली धरला. आजही या घरांतली बरीच पुस्तकं त्याच आकड्याच्या आसपास राहतात. समजा, एक मुलगी आश्विनातल्या काळोख्या रात्री वडिलांबरोबर अंगणात उभी आहे. तिला देवयानी दीर्घिकेचा पुसट ठिपका दिसतो, नुसत्या डोळ्यांनी. पुस्तकात लिहिलं आहे की तो पंचवीस लाख प्रकाशवर्षं दूर आहे. प्रकाशवर्ष म्हणजे काय, हे तिला गेल्याच महिन्यात शिकवलं आहे. ती विचारते, मग हा उजेड निघाला कधी? या प्रश्नाला निरनिराळी उत्तरं दिली गेली आहेत. त्यांपैकी एक म्हणजे प्रकाश वाटेतच निर्माण केला गेला. हे उत्तर म्हणजे नाव बदललेला ‘ऑम्फॅलॉस’च. पण मला त्या उत्तरापेक्षा मुलीची काळजी वाटते. तिने आकडे घेतले, जोडले, योग्य प्रश्न विचारला. आपण तिला सांगितलं की हे आकडे इथवरच खरे धरायचे. पुढच्या वेळी ती जोडणार नाही. विज्ञानातली मोठी हानी ही आहे. एखादा धडा गाळला तर तो पुढे वाचता येतो, जोडून पाहण्याची उमेद गेली तर ती सहज परत येत नाही.

आणि ख्रिस्ती घराने हे असंच करायला हवं, असं मुळीच नाही. संत ऑगस्टीन यांनी पाचव्या शतकाच्या सुरुवातीला बजावलं होतं की आकाशाविषयी, पृथ्वीविषयी ज्या गोष्टी परधर्मीयांनाही अनुभवाने ठाऊक आहेत, त्यांविषयी ख्रिस्ती माणसाने धर्मग्रंथाचा आधार घेऊन वेडंवाकडं बोलू नये. लोक मग आपल्या बाकीच्या शिकवणीवर तरी का विश्वास ठेवतील? गॅलिलिओने १६१५ साली ग्रँड डचेस क्रिस्टिनाला लिहिलेल्या पत्रात याच ऑगस्टीनचा आधार घेतला. जॉर्ज लमेत्र हे कॅथलिक धर्मगुरू. विश्व प्रसरण पावतं आहे आणि त्याला आरंभ होता, हा विचार त्यांनीच मांडला. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी त्यात सृष्टीच्या निर्मितीला दुजोरा दिसतो अशा अर्थाचं भाषण केलं, तेव्हा ते लमेत्र यांनाच रुचलं नाही. आपल्या सिद्धान्ताला धर्माचा टेकू नको आणि धर्मालाही आपल्या सिद्धान्ताचा नको, अशी त्यांची भूमिका होती.

पण ज्याचा धडा मी प्रत्येक ख्रिस्ती घरात शिकवायला सांगेन, तो योहानेस केप्लर. केप्लरला लूथरपंथी धर्मगुरू व्हायचं होतं. ट्यूबिंगेनला त्याचं धर्मशास्त्राचं शिक्षण चालू होतं, तोच १५९४ साली त्याला ग्राट्सला गणिताचा शिक्षक म्हणून धाडलं. १५९६ साली त्याने पहिलं मोठं पुस्तक लिहिलं. देव भूमितिज्ञ आहे, म्हणून सहा ग्रहांच्या मधल्या पाच जागांत पाच सुसम घनाकृती बसवलेल्या असणार, अशी त्याची कल्पना. कल्पना देखणी होती आणि चुकीची होती. म्हणजे श्रद्धेने त्याला भलतीकडेही नेलं, हे लपवण्याचं कारण नाही. मुलांना हेही सांगावं.

१६०० साली तो प्रागला टायको ब्राहेकडे गेला आणि मंगळाच्या मागे लागला. टायको दुर्बिणीच्या आधीचा. पण डोळ्यांनी आणि मोठमोठ्या यंत्रांनी त्याने घेतलेली मोजमापं एक-दोन कलांपर्यंत बिनचूक होती. एका अंशाच्या साठ कला. केप्लरने वर्तुळावर आधारलेली मांडणी अपार कष्टाने उभी केली. ती जवळजवळ जुळली. काही ठिकाणी मात्र आठ कलांचा फरक राहिला. पौर्णिमेच्या चंद्राची रुंदी साधारण तीस कला भरते, तेव्हा हा फरक त्या रुंदीच्या चौथाईहून किंचित जास्त. त्याआधी दहा कलांपर्यंतची चूक ज्योतिर्विद खपवून घेत. केप्लरलाही घेता आली असती. कुणी बोल लावला नसता. पण त्याने विचार केला की देवाने आपल्याला टायकोसारखा निरीक्षक दिला आहे, तेव्हा त्या देणगीचा मान राखायचा तर हा फरक झाकता येणार नाही. त्याने स्वतःची मांडणी टाकून दिली. दोन हजार वर्षांचं वर्तुळ टाकलं. १६०९ साली मंगळाची कक्षा लंबवर्तुळ आहे हे जगापुढे आलं.

त्या आठ कला या माझ्या व्याख्यानाचा गाभा आहेत. श्रद्धेने केप्लरला दोनदा प्रेरणा दिली. एकदा उत्तर आधी सुचवलं, आणि तिथे ती खोटी पडली. दुसऱ्यांदा मोजमापाशी इमान राखायला लावलं, आणि त्यातून आधुनिक खगोलशास्त्र उभं राहिलं. ज्या आईला आपल्या मुलाला ख्रिस्ती दृष्टीने विज्ञान शिकवायचं आहे, तिच्यापुढे ही दोन्ही उदाहरणं एकाच माणसात उभी आहेत. तिने दुसरं निवडावं.

आता गणित. ‘ख्रिस्ती गणित’ ऐकलं की लोक विचारतात, त्रिकोणाच्या कोनांची बेरीज चर्चमध्ये वेगळी येते का? अर्थातच नाही. काही पुस्तकांत धड्याच्या माथ्यावर एक वचन छापतात आणि खाली नेहमीच्या बेरजा. त्याने गणितालाही काही मिळत नाही आणि वचनालाही. यापेक्षा खोल प्रश्न जेम्स निकल यांच्यासारख्या लेखकांनी विचारला आहे: माणसाच्या डोक्यातून निघालेलं गणित बाहेरच्या जगाला लागू का पडतं? युजीन विग्नर या भौतिकशास्त्रज्ञाने १९६० साली याच प्रश्नावर प्रसिद्ध निबंध लिहिला. त्याचा रोख धार्मिक नव्हता. याचं जवळचं उदाहरण आपल्यासमोरच आहे. ख्रिस्तपूर्व २००च्या सुमारास अपोलोनियसने शंकू कापून लंबवर्तुळाचा अभ्यास केला, निव्वळ भूमितीच्या ओढीने. अठराशे वर्षांनी केप्लरला मंगळ त्याच वळणावर फिरताना सापडला. श्रद्धावान म्हणेल, दोन्हीकडे एकच बुद्धी आहे. दुसरा म्हणेल, माणसाची बुद्धी याच जगात घडली, म्हणून जुळते. मुलाला दोन्ही सांगा. कक्षा काढायला दोघांनाही तेच समीकरण सोडवावं लागतं, आणि ते त्याला सोडवता आलं पाहिजे.

घरच्या शिक्षणाचं खरं दुखणं मला इथे दिसतं, आणि त्याविषयी उत्क्रांतीइतकं कुणी बोलत नाही. ही मुलं वाचनात सहसा पुढे असतात. त्या मानाने गणितात मागे राहतात, असं अभ्यासकांना पुन्हा पुन्हा आढळलं आहे. कारण उघड आहे. मूल एकदा वाचायला लागलं की पुस्तकांच्या राशी स्वतःच फस्त करतं. गणित तसं एकट्याने पुढे जात नाही. अपूर्णांक कच्चे राहिले तर गुणोत्तर अडतं, गुणोत्तर अडलं की बीजगणित अडतं. चौदा-पंधराव्या वर्षी मूल वर्गसमीकरणांशी पोचतं आणि आईची शिदोरी तिथे संपते. धाकटी भावंडं असतात, घरचं सगळं असतं. मग ‘याला गणिताची आवड नाही’ असं ठरवून टाकलं जातं.

या अडचणीवर ज्याने उपाय शोधला तो धर्मोपदेशक नव्हता. जॉन सॅक्सन हे निवृत्त वायुदल अधिकारी ओक्लाहोमाच्या एका महाविद्यालयात गणित शिकवत. मुलं कालचं आज विसरतात, हे पाहून त्यांनी १९८०च्या दशकात स्वतःच पुस्तकं काढली. रोजच्या धड्यात नवा भाग अगदी थोडा. मग तीसेक उदाहरणं, त्यांत आजची दोन-चार आणि बाकी गेल्या आठवड्यांतली, गेल्या महिन्यांतली मिसळलेली. पुस्तकाचं नावही साधं: ‘मॅथ ५४’ म्हणजे साधारण पाचवीतल्या किंवा चौथीतल्या चलाख मुलासाठी. यात बायबलाचा मागमूस नाही. तरीही ख्रिस्ती घरांच्या फळ्यांवर ही पुस्तकं सगळीकडे दिसू लागली, कारण आईच्या मदतीशिवाय मूल रोज एक पायरी चढत होतं. त्या पद्धतीत संकल्पना तुकड्यातुकड्यांत विखुरते, हा आक्षेप मला रास्त वाटतो. पण ज्या घरात गणित सुटूनच जाणार होतं तिथे ते टिकलं, हे मोठं काम आहे.

घराला जे देता येतं ते शाळेला सहज देता येत नाही, हेही मोकळेपणाने मान्य करायला हवं. इंग्लंडच्या शार्लट मेसन या ख्रिस्ती शिक्षिकेचं म्हणणं होतं की लहान मुलाने रोज बराच वेळ उघड्यावर घालवावा आणि जे पाहिलं ते स्वतःच्या वहीत चितारावं. अमेरिकेतली हजारो घरं आज त्या वह्या ठेवतात. प्रयोगांचंही तसंच. शास्त्रज्ञ फॅरडे हा लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानातला उमेदवार, एका लहानशा ख्रिस्ती पंथाचा आयुष्यभर निष्ठावान. मुलांसाठी त्याने १८६०च्या नाताळात मेणबत्तीवर व्याख्यानं दिली. त्यातला एक प्रयोग आज रात्री घरी करून पाहा. मेणबत्ती नीट जळू द्या, मग अलगद विझवा. वातीतून पांढुरका धूर वर जाईल. पेटती काडी वातीला न लावता वरच्या त्या धुराला लावा. ज्योत धुरावरून खाली उडी घेते आणि वात पुन्हा पेटते. जळतं ते काय, याचं उत्तर मुलाला डोळ्यांनी मिळतं: मेणाची वाफ. चाळीस मुलांच्या वर्गात मागच्या बाकावरून हे दिसत नाही. घरातल्या टेबलाशी दहा वेळा करता येतं.

राहिला मुलाचा हक्क. १९७२ साली आमिश पंथीयांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पालकांना मुलं आठवीनंतर शाळेतून काढायची मुभा दिली. न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी त्या वेळी अंशतः वेगळं मत नोंदवलं: उद्या या मुलाला पियानोवादक व्हायचं असेल, अंतराळवीर व्हायचं असेल, तर त्यालाही विचारायला नको का? मला तो प्रश्न अजून अनुत्तरित वाटतो. टेक्सासमध्ये घरच्या शाळेने वाचन, शुद्धलेखन, व्याकरण, गणित आणि नागरिकत्व एवढं शिकवावं अशी अपेक्षा आहे. विज्ञान त्या यादीत नाही, परीक्षाही नाही. न्यूयॉर्कमध्ये दर तिमाहीला अहवाल द्यावा लागतो. माझं मत न्यूयॉर्कच्या बाजूचं आहे. पालकांचा धर्म काय, हे सरकारने विचारू नये. मुलाला समीकरण सुटतं का आणि खडकाचं वय कसं काढतात हे त्याला ठाऊक आहे का, हे जरूर विचारावं. त्याने ते मानावं अशी सक्ती नको. ते कसं काढतात हे समजलेलं मात्र असावं. फ्रान्सिस कॉलिन्स यांना व्हर्जिनियातल्या शेतावर आईने सहावीपर्यंत घरी शिकवलं. ते शिक्षण धार्मिक नव्हतं. पुढे वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी ते ख्रिस्ती झाले, आणि मानवी जनुकांचा नकाशा काढणाऱ्या प्रकल्पाचं नेतृत्व त्यांनी केलं. उत्क्रांती मानणाऱ्या ख्रिस्ती लोकांसाठी त्यांनी २००७ साली ‘बायोलोगोस’ ही संस्था काढली. तिने आता जीवशास्त्राचं शिक्षणसाहित्यही तयार केलं आहे, शाळांसाठी आणि घरांसाठीही. ख्रिस्ती पालकांना आज पर्याय उरलेला नाही, असं कुणी म्हणू नये.

महाराष्ट्रातही काही पालक मुलांना घरी शिकवतात आणि मुक्त विद्यालयाच्या परीक्षेला बसवतात. त्यांची कारणं बहुधा धर्माची नसतात, पण बीजगणिताची पायरी आणि प्रयोगशाळेची उणीव त्यांनाही चुकत नाही. या सभागृहात अनेक शिक्षक बसले आहेत, काही निवृत्त, काही अजून वर्गावर जाणारे. तुमच्या गावात, तुमच्या सोसायटीत असं घरी शिकणारं मूल असेल तर त्याच्या आई-वडिलांशी वाद घालायला जाऊ नका. आठवड्यातून एक संध्याकाळ त्याला बीजगणितासाठी द्या. शाळेची प्रयोगशाळा शनिवारी दुपारी रिकामी असते. मुख्याध्यापकांशी बोला आणि तिचं दार त्याच्यासाठी उघडून घ्या.